हजेरीत १७६, हिशोबात ११८: पुण्याच्या कडेवरच्या एका शाळेचं प्रकरण

जानेवारी २०२४चा शेवटचा आठवडा. सकाळी नऊला प्रभारी मुख्याध्यापिकांचा फोन आला. "बाई, आज जरा येता का? दोघीजणी सर्वेक्षणाला गेल्यात, मला साडेअकराची बैठक आहे. मागे सर एकटेच राहतायत."

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. या शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणतज्ज्ञ म्हणून माझं नाव आहे, म्हणून अशा दिवशी फोन मला येतो. गेले. राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण २३ जानेवारीला सुरू झालं होतं आणि प्रगणक म्हणून शिक्षकांनाही नेमलं होतं. पाच वर्ग, हजर मुलं १६३, आणि शिकवायला एक सर आणि एक मी. सरांनी तिसरी, चौथी, पाचवी सभागृहात बसवली. मी पहिली-दुसरी व्हरांड्यात घेतली. त्या दिवशी कोणाला काही शिकवलं असं मी म्हणणार नाही. कोणी रस्त्यावर गेलं नाही आणि सगळे जेवले, एवढंच झालं.

सर्वेक्षण पंधरवड्याच्या आत संपलं. पण ते संपल्यावर तरी काय? हजेरीपत्रकावर नावं १७६ आणि शिक्षक चार. म्हणजे एकामागे ४४ मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीचं गणित स्पष्ट लिहिलेलं आहे: ६०पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार, १२१ ते २०० पाच, आणि पट १५०च्या वर गेला की वर एक मुख्याध्यापक. १७६ मुलांच्या शाळेत पाच शिक्षक आणि एक मुख्याध्यापक हवेत. वर्षभरापूर्वी होतेसुद्धा. ही दोन माणसं कुठे गेली, याचा शोध म्हणजे हे प्रकरण.

शाळेचं आणि गावाचं नाव देत नाही. शाळा कोणती यंत्रणा चालवते तेही सांगत नाही, कारण यात कोणा एकाकडे बोट दाखवण्यासारखं नाही. ज्यांच्याशी आमची गाठ पडली त्यातल्या बहुतेकांनी नियमाप्रमाणेच काम केलं, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

गाव शहरात आलं, पोरं शाळेतून गेली

शाळा सोलापूर रस्ता आणि नगर रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. पंधरा वर्षांपूर्वी इथे ऊस होता. आता एका बाजूला वीस-वीस मजली सोसायट्या, दुसऱ्या बाजूला गोदामं, आणि नदीकडच्या अंगाला अजून वीटभट्ट्या आहेत. पुणे महापालिकेत २०१७मध्ये ११ आणि जून २०२१मध्ये आणखी २३ गावं घेतली गेली, त्या सगळ्या कडेचं रूप साधारण असंच आहे. सातबाऱ्यावरची जमीन गुंठ्यांनी विकली गेली, ग्रामपंचायतीच्या जागी क्षेत्रीय कार्यालय आलं.

हद्द बदलली की शाळेच्या पैशाची वाटही बदलते, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचा पगार राज्य सरकार देतं. महापालिकेच्या शिक्षकाच्या पगारात राज्याचा वाटा साधारण निम्मा, उरलेला पालिकेने आपल्या तिजोरीतून घालायचा. मुलं तीच, खोल्या त्याच, पण एक पद वाढवायचं तर त्याचा भार कोणावर, याचं उत्तर गावाच्या वेशीवर बदलतं. सरकारी शाळेच्या खर्चातला सगळ्यात मोठा भाग पगाराचा असतो. त्यामुळे पटाचा विषय निघाला की तो शेवटी पदावर येऊन थांबतो. पद म्हणजे पैसा.

आता मुलं. गावातल्या जुन्या घरांची मुलं या शाळेत जवळपास उरलेली नाहीत. जमिनीचे पैसे आले आणि पिवळ्या बसने मुलं इंग्रजी शाळेत जाऊ लागली. त्याबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही, माझ्या स्वतःच्या भावाने तेच केलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण कागद होते, त्यांच्यातल्या काहींना खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांची सोडत लागली. त्या अर्जाला रहिवासाचा पुरावा लागतो, वंचित गटातून भरायचा तर जातीचा दाखला लागतो, आणि आर्थिक दुर्बल गटातून भरायचा असेल तर एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. तहसील कचेरीत दोन खेपा घालू शकणारा बाप हे सगळं जमवतो. ज्याचा खाडा म्हणजे त्या दिवशीची चूल बंद, तो कुठून जमवणार?

म्हणून आमच्याकडे उरली ती मुलं गरिबीमुळे तर उरलीच, पण कागद नाहीत म्हणूनही उरली. नांदेड, लातूर, बीड, धाराशिवकडची, पत्र्याच्या खोल्यांत भाड्याने राहणारी. यादगीर आणि कलबुर्गीकडची, घरी कानडी बोलणारी. वडार वस्तीतली. उत्तर प्रदेशातून आलेल्या सुतार-रंगाऱ्यांची. आणि दिवाळीनंतर भट्टीवर येणारी. गेल्या वर्षी पहिलीच्या वर्गात मी घरच्या भाषा मोजल्या, पाच निघाल्या. पहिलीच्या बाईंना मराठी सोडून दुसरी येत नाही, पण "नीर" म्हटलं की पाणी, एवढं त्या शिकल्या आहेत, कारण पहिल्या दिवशी एक पोर तहानेने रडत बसलं होतं आणि त्यांना कळलं नव्हतं.

चाळीस मुलं कुठे गळाली

शाळेला किती शिक्षक मिळणार हे दरवर्षी संच मान्यतेत ठरतं. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. २०२२-२३पासून नुसता पट पुरत नाही, आधार वैध झालेलाच विद्यार्थी त्यात मोजला जातो. म्हणजे सरल या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंद प्रणालीत भरलेलं मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

३० सप्टेंबर २०२२ला आमच्या शाळेच्या पटावर १५८ मुलं होती. त्यातली आधार वैध झाली ११८. मुदती वाढत वाढत पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेल्या, तोवर त्या वर्षीची पाचवी शाळा सोडून गेलीसुद्धा. आकडा मात्र ११८वरच राहिला.

१५८ला पाच शिक्षक आणि मुख्याध्यापक. ११८ला चार शिक्षक. एक शिक्षिका अतिरिक्त ठरल्या आणि गणपतीनंतर समायोजनात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापकाचं पद गेलं, त्या पदावरच्या सरांना दुसरी शाळा मिळाली, आणि चारांतल्या ज्येष्ठ बाईंकडे प्रभार आला. प्रभार म्हणजे वर्ग सांभाळून वर ऑनलाइन माहिती, बैठका, पोषण आहाराचा साठा, शिष्यवृत्तीचे अर्ज. त्यांचा वर्ग दुसरीचा. दुसरी पहिलीला जोडली गेली.

त्या चाळीस मुलांची आम्ही समितीत एकेक करून यादी केली. दोन शनिवार गेले. १३ मुलांकडे आधारच नव्हतं. १६ जणांचं होतं, पण जुळत नव्हतं. ११ जणांची नावं दुसऱ्या एखाद्या शाळेच्या पटावर होती.

न जुळणाऱ्या सोळांचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात सोपं निघालं आणि तितकंच जिव्हारी लागणारं होतं. कर्नाटकातल्या आधारवर वडिलांचं नाव आधी, मुलाचं नंतर. शाळेत आपल्या पद्धतीने उलट. एका मुलाची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी, कारण आईला साल तेवढं आठवत होतं, आणि शाळेत १ जून, कारण ज्या बाईंनी दाखल केलं त्यांनी जून धरला. एका मुलीच्या आधारवर पुरुष लिहिलेलं होतं. एवढ्याशा गोष्टींनी सोळा मुलं हिशोबाबाहेर गेली. ती रोज वर्गात बसत होती, वही काढत होती, मार खात होती, हसत होती.

तेरांचं कारण वेगळं. मुलाचं आधार काढायचं तर जन्माचा दाखला हवा, तो नसेल तर बाकीचे कागद हवेत. एक आई मला म्हणाली, "मॅडम, कागद गावाकडं ऱ्हायले. मुकादमानं रातच्याला ट्रकात बसवलं, भांडी घ्यावी का कागद घ्यावं?"

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८च्या आधारवरच्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. शिक्षण हक्क कायदाही तेच सांगतो: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवायचं नाही. कलम ९मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. तेव्हा आमच्या शाळेने त्या तेरा मुलांना घेतलं ते कायद्याने बरोबरच केलं. आणि त्याच मुलांना शिकवायला लागणारा माणूस त्यांची गणती नाही म्हणून गेला. मूल बसायला आधार लागत नाही, मूल मोजायला लागतं.

हा नियम आला कुठून हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि लाखोंनी खोटी नावं सापडली. मी तेव्हा नोकरीत होते. वर्गात नसलेल्या मुलांच्या नावावर तुकड्या आणि पदं घेतलेली आम्ही जवळून पाहिली आहेत. तो पैसा खऱ्या मुलांच्या तोंडचा होता. त्याला आळा बसायलाच हवा होता. पण खोटं मूल पकडायला टाकलेल्या जाळ्यात आता खरं मूल अडकतंय. खोट्या नावाच्या मागे कोणीतरी हुशार माणूस असतो, तो आधारसुद्धा जमवतो. भट्टीवरच्या पोरामागे असं कोणी नसतं.

दोन शाळा, एक मूल

उरली अकरा. त्यांनी मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला.

मूल गाव सोडून आलं की त्याचं नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेत ऑनलाइन वर्ग करावं लागतं. नव्या शाळेने विनंती पाठवायची, जुन्या शाळेने मान्य करायची. आमच्या अकराच्या अकरा विनंत्या तिकडे पडून होत्या. आम्हाला वाटलं, तिकडच्यांचं दुर्लक्ष असेल. मग मीच फोन लावायला बसले.

नांदेड जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेचे मुख्याध्यापक फोनवर आले. आवाज तरुण. मी म्हटलं, "सर, तुमची दोघं भावंडं आमच्याकडे आहेत. तिसरीत मुलगी, पहिलीत मुलगा. विनंती मान्य करता का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू का? माझा पट बावीस. ही दोघं काढली की वीस. वीस झाले की शाळा कमी पटाच्या यादीत जाते. समूह शाळेचं बोलणं चाललंय. मग वस्तीवरची बाकीची वीस लेकरं कुठं जातील? पाच किलोमीटरवर पुढची शाळा, मध्ये ओढा." सप्टेंबर २०२३मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा शासन निर्णय आला होता, त्याची धास्ती त्यांच्या आवाजात होती. शेवटी म्हणाले, "उन्हाळ्यात ती परत येतात ताई. माझीच आहेत ती."

मी फोन ठेवला. काय बोलणार? आमच्या पाचव्या शिक्षकासाठी मी त्यांची शाळा मागत होते.

हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. गावची शाळा पत्रक देते, नाव गावच्याच पटावर राहतं, आणि मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसतं. कल्पना चांगली आहे, वर्ष वाया जात नाही. पण तिचा अर्थ आमच्या बाजूने बघा. डिसेंबर ते एप्रिल मूल आमच्या वर्गात, आमच्या फळ्यासमोर, आणि त्याची मोजणी तीनशे-चारशे किलोमीटरवर. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस तोंडावर आला की संपतो. ३० सप्टेंबरला भट्टीवर फक्त गवत वाढलेलं असतं. मोजणीचा दिवस आणि मुलं येण्याचा दिवस यांची गाठच पडत नाही.

त्या भावंडांमधली मोठी, ती तिसरीतली मुलगी. तिला वाचता येत नव्हतं, जोडाक्षर आलं की पाटीकडे बघत बसायची. गणिताच्या तासाला सरांनी दहा-दहाचे गठ्ठे करायला काड्या दिल्या. तिने काड्या बाजूला सारल्या आणि पाटीवर आडव्या विटा काढल्या. एका ओळीत दहा, अशा ओळी खाली खाली. "हे शंभर. असं धा झालं की हजार. हजारावर पैसं." भट्टीवर विटा थापण्याची मजुरी हजारावर मिळते, आणि संध्याकाळी मुकादमासमोर आईची मोजणी तीच करायची. सरांनी मला पाटी आणून दाखवली. म्हणाले, "बाई, हिला स्थानिक किंमत मी काय शिकवू?" मग त्यांनी आठवडाभर सगळ्या वर्गाला विटांवरच हजारापर्यंतचं गणित घातलं. एका वर्गाचे सर असते तर महिनाभर घातलं असतं. तीन वर्ग सांभाळताना आठवडाच निघाला.

पैशाचं

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला संयुक्त अनुदान मिळतं, केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. १००च्या वर आणि २५०पर्यंत पट असला की ५० हजार रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. ११८ काय नि १५८ काय, टप्पा एकच, त्यामुळे इथे आमचं नुकसान झालं नाही. वीजबिल, खडू, झाडलोट, मोडकी मोटर, यात ते संपतं.

पोषण आहाराचा हिशोब मला मुद्दाम सांगायचा आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, आणि त्या वर्षी शिजवण्याचा खर्च ५ रुपये ४५ पैसे. हा हिशोब रोजच्या हजेरीवर चालतो. बचत गटाच्या ताई अकरा वाजता आकडा विचारतात, "आज किती ताटं?" आणि बाई वर्ग मोजून सांगतात. मूल समोर आहे तर त्याला खिचडी आहे. म्हणजे रोजच्या रोज मुलं मोजण्याची रीत आपल्याकडे आहे, ती प्रत्येक शाळेत दुपारी चालते. तांदूळ रोजच्या डोक्यांवर मिळतो, आणि शिक्षक वर्षातून एकदा, सप्टेंबरच्या तीस तारखेच्या डोक्यांवर.

सोसायट्यांमधल्या भल्या माणसांनी आणि दोन कंपन्यांच्या सीएसआरने, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीने, आम्हाला खूप दिलं. बाकं, पाण्याचं यंत्र, भिंतींवर चित्रं, एक मोठा डिजिटल फळा. मनापासून आभार. पण शिक्षक द्यायला कोणी येत नाही, आणि आला तरी तो एका वर्षापुरता. डिजिटल फळा पाचवीच्या खोलीत आहे, आणि पाचवी बहुतेक दिवस सभागृहात बसते, कारण सरांना तिन्ही वर्ग एका जागी दिसायला हवेत.

पुण्यातल्या माणसाने हे लिहिताना जोतीराव फुल्यांची आठवण न काढणं अवघड आहे. १८८२मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागितलं होतं की निदान बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचं करावं. रयतेच्या घामाचा पैसा तिजोरीत जातो आणि शिक्षण वरच्यांना मिळतं, हे त्यांचं दुखणं होतं. त्यांची शेती याच अंगाला, मांजरीला होती.

आम्ही काय केलं

फार मोठं काही नाही. पण क्रमाने सांगते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी सोळांचं काम. प्रभारी बाई आणि मी दोघी शाळेच्या दाखल-नोंदीचं जनरल रजिस्टर, सरल आणि आधार, तिन्ही समोरासमोर ठेवून बसलो. जिथे शाळेची नोंद चुकीची तिथे रीतसर प्रस्ताव करून दुरुस्ती, जिथे आधार चुकीचं तिथे पालकाला घेऊन केंद्रावर. चौदा मुलांचं काम झालं. दोघांचे पालक तोवर निघून गेले होते.

मग फेब्रुवारीत शाळेतच आधार शिबिर. यंत्र आणि चालक मिळवायला पाच अर्ज लागले. रविवार ठेवून चालणार नाही हे मला माहीत होतं. भट्टीवर सुट्टी आठवडे बाजाराच्या दिवशी असते, म्हणून तो दिवस ठरवला. सकाळपासून रांग लागली. अडचण कुठे आली? मुलांच्या बोटांवर नाही, आयांच्या. पालकाचा ठसा घेतल्याशिवाय मुलाची नोंद पुढे सरकेना आणि यंत्र आईचा ठसा घेईना. माती कालवून आणि विटा उचलून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. त्या मुलाने, म्हणजे चालकाने, ओल्या फडक्याने बोट पुसून बघितलं, तेल लावून बघितलं. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. एक बाई सारखी पदराला हात पुसत होती, जणू चूक तिच्या हातांची आहे. मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या हातात काही खोट नाही." पण मला तेव्हा फार लाज वाटली.

त्या दिवशी नऊ मुलांची नोंद झाली.

अकरांपैकी सात मुलं आता वर्षभर इथेच राहणारी होती, आईबापांनी खोली घेतली होती. त्यांच्या विनंत्या आम्ही पाठपुरावा करून मार्गी लावल्या. फोनवर मी प्रत्येक गावच्या शाळेला आधी विचारलं, "तुमचा पट किती?"

आणि एक गोष्ट आम्ही नव्याने सुरू केली. दर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी प्रत्यक्ष वर्गात बसलेल्या मुलांची मोजणी, वर्गवार, घरच्या भाषेसह, कधी आली आणि कुठून आली यासह. शाळा व्यवस्थापन समितीने केलेला शाळा विकास आराखडा हा कायद्याने अनुदानाचा आधार आहे, पण बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. आम्ही त्यात बारा महिन्यांचा हा तक्ता जोडला आणि दोन मागण्या लिहिल्या. एक, स्थलांतराच्या पट्ट्यातल्या शाळांची मोजणी ३० सप्टेंबरबरोबर ३१ जानेवारीलाही व्हावी. दोन, त्या वाढीव मुलांसाठी कायम पद नको, पण डिसेंबर ते एप्रिल एक हंगामी शिक्षक द्यावा, आणि तो देताना गावच्या शाळेचा पट कमी धरू नये. दोन्ही शाळांत तेच मूल मोजलं तर काय बिघडतं? सहा महिने ते तिकडे असतंच, सहा महिने इकडे. खोटं त्यात काहीच नाही. आकड्यांची दुबार नोंद सरकारला खटकते, पण त्या मुलाचं आयुष्यच दोन ठिकाणी आहे.

आराखडा आम्ही केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवला. पोच मिळाली.

पुढे

३० सप्टेंबर २०२४ला पट १६१, आधार वैध १३९. पाचव्या शिक्षकाचं पद परत मंजूर झालं आणि जून २०२५मध्ये सर रुजू झाले. पहिली आणि दुसरी आता वेगळ्या बसतात. मुख्याध्यापकाचं पद आलं नाही, १५०ला कमी पडलो. प्रभारी बाई अजून प्रभारीच आहेत, वर्ग घेऊन संध्याकाळी साडेसहापर्यंत माहिती भरतात.

अकरांपैकी चौघांच्या विनंत्या आम्ही मागे घेतल्या. त्यात नांदेडची ती दोघं भावंडं. समितीत यावर बराच वाद झाला. एक पालक म्हणाल्या, "बाई, आपल्याच शाळेचं नुकसान आपण का करून घ्यायचं?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी त्यांना वीस आणि बावीसचं सांगितलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या मग. पोरं तर येतातच आपल्याकडं."

२०२४च्या दिवाळीनंतर ती दोघं पुन्हा आली, हमी पत्रक घेऊन. मुलीने भट्टीवरून येताना एक फुटकी वीट आणली होती, सरांना दाखवायला, तिच्यावर खिळ्याने स्वतःचं नाव कोरलेलं, जोडाक्षरासकट. हमी पत्रकाच्या मुलांची नावं हजेरीपत्रकाच्या तळाशी, लाल रेघेच्या खाली लिहितात. चौथीच्या हजेरीत तिचं नाव तिथे आहे. २ डिसेंबर २०२४पासून हजर.